पोटातलं बाळ हालत असताना काढलेल्या डॉपलरवर किती विसंबायचं?

पैनगंगाकाठ (उमरखेड तालुका)

नमस्कार मंडळी. वहिनीच्या रिपोर्टमुळे घरात कोणाच्याच घशाखाली घास उतरत नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे.

वहिनीला ३३ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. पोट आठवड्यांच्या मानाने लहान वाटतं असं उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी तालुक्याला कलर सोनोग्राफीसाठी (डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) पाठवलं. रिपोर्टात बाळाचं वजन कमीकडे झुकलेलं, पाणी ठीक, आणि नाळेच्या रोहिणीचा एस/डी ३.४ असं लिहिलंय. त्याखाली 'प्रतिरोध वाढलेला, पुन्हा तपासणी करावी'. तपासताना डॉक्टर तोंडी म्हणाले, बाळ सारखं हालतंय, लाट नीट मिळत नाही. बाहेर मोठी रांग होती, त्यामुळे जे मिळालं ते छापून दिलं.

आता घरात दोन तट पडलेत. सासरचे म्हणतात, बाळ हालत होतं म्हणून आकडा चुकला, सोडून द्या. माहेरचे म्हणतात, आजच नागपूरला नेऊन सिझर करून टाका. बाळाच्या हालण्याने रक्तप्रवाहाचा आकडा खरंच बदलतो का? बदलत असेल तर किती? जाणकारांनी कृपया सांगावं.

वऱ्हाडी_माय (दर्यापूर)

बाई, घाबरू नको. लेकरू हालून राह्यलं हे चांगलंच हाय. पण सोडून गिडून देऊ नको बापा. पुन्हा तपासा म्हनून लिवलं हाय ना, मंग पुन्हा तपासाच. वयनीले एकटीले पाठवू नको, कोनीतरी संग जा.

सोनो_वर्धा

ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो.

आधी तातडीचं. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर धाग्यावरच्या उत्तराची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि निघा.

आता तुमचा आकडा. एस म्हणजे हृदय आकुंचन पावताना नाळेतल्या रक्ताचा सर्वाधिक वेग, डी म्हणजे पुढचा ठोका पडायच्या अगदी आधीचा, शेवटचा वेग. वार नीट काम करत असेल तर ठोक्यांच्या मधल्या काळातही रक्त पुढे वाहत राहतं, म्हणून डी चांगला असतो. वारेतल्या बारीक वाहिन्या कमी पडल्या की डी घसरतो आणि एस/डी वाढतो. ३० आठवड्यांनंतर हे गुणोत्तर साधारण ३ च्या खाली असावं अशी जुनी ढोबळ खूण आहे. आता आठवड्यांनुसार तक्ते बघून ठरवतात. तुमच्या रिपोर्टात ३.४ आहे, याचा एक अर्थ असा की डी शून्य झालेला नाही. शून्य असता तर भागाकारच झाला नसता. डी शून्य होणं किंवा रक्त उलटं जाणं ही खरी धोक्याची पायरी, आणि ती तुमच्या कागदावर दिसत नाही.

हालचालीबद्दल. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात, त्या सुट्या करून सांगतो.

एक, हातपाय मारणं आणि कूस बदलणं. आपण पडद्यावर नाळेच्या एका बिंदूवर छोटी खिडकी ठेवतो. बाळ वळलं की नाळ त्या खिडकीतून सरकते, ध्वनी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन बदलतो, लाट तुटते. एस/डी, आरआय, पीआय (शेवटचे दोन्ही प्रतिरोध दाखवणारे असेच निर्देशांक) ही सगळी गुणोत्तरं असल्यामुळे कोन थोडा बदलला तरी फारसं बिघडत नाही, पण एका ठोक्याचा एस आणि नाळ सरकल्यानंतरचा डी एकत्र मोजला गेला तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

दोन, बाळाच्या श्वासाच्या हालचाली. पोटात हवा नसते, तरी बाळ छाती-पोटाचा सराव करत असतं, तिसऱ्या तिमाहीत साधारण ३० टक्के वेळ. हे आईला बहुधा जाणवतही नाही. त्याने छातीतला दाब खालीवर होतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमीजास्त होतं आणि पडद्यावर एक लाट उंच, एक बुटकी असं दिसू लागतं. नाळेच्या शिरेत एरवी सपाट पट्टी दिसते, तिथे लहरी येतात. शिरेतली स्पंदनं ही बाळाचं हृदय थकल्याची खूणही असू शकते, म्हणून त्या लहरी श्वासाच्या की हृदयाच्या हे ओळखणं फार महत्त्वाचं. डक्टस व्हेनोसस नावाची यकृतापाशी असलेली छोटी शीर या बाबतीत सगळ्यात हळवी. श्वास चालू असताना तिचा आकडा घेऊच नये.

तीन, हृदयाची गती. बाळ सक्रिय झालं की ठोके वाढतात आणि त्याचा थेट परिणाम डी वर होतो.

म्हणूनच प्रसूतिविषयक सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयसूऑगच्या, मार्गदर्शक सूचनांत बाळ शांत असताना, श्वासाची हालचाल नसताना आणि लागल्यास आईने क्षणभर श्वास रोखून मोजमाप घ्यावं असं सांगितलं आहे. लागोपाठ येणाऱ्या लाटा एकसारख्या दिसल्या पाहिजेत.

तुमच्या रिपोर्टाबरोबर लाटांचा छापील फोटो असेलच. लाटा एका उंचीच्या आहेत का ते बघा. खालीवर असतील तर पुन्हा करून घेण्याला पक्कं कारण आहे. एकसारख्या असतील तर 'बाळ हालत होतं' हे स्पष्टीकरण तितकं पुरत नाही. पुन्हा तपासणी दोन्ही परिस्थितीत करायची आहे, आणि या आठवड्यातच.

भौतिकचा_मास्तर (वाशीम)

वरचा प्रतिसाद वाचून तिसऱ्या मुद्द्यावर भर घालावीशी वाटली. मी डॉक्टर नाही, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो.

ख्रिश्चन डॉपलरने १८४२ मध्ये प्रागमध्ये आपली कल्पना मांडली ती जुळ्या ताऱ्यांच्या प्रकाशासाठी. नाळेतला रक्तप्रवाह या तत्त्वाने बाहेरून मोजल्याचं पहिलं काम १९७७ सालचं, डब्लिनचं. सरकणाऱ्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते, त्यावरून वेग निघतो, एवढंच तत्त्व.

हृदयगतीचं गणित असं. ओलिताची मोटर बंद केली की पाइपातून येणारी धार एकदम थांबत नाही, हळूहळू बारीक होते. ती लवकर पुन्हा चालू केली तर धार बारीक व्हायला वेळच मिळत नाही. बाळाचे ठोके मिनिटाला १२० असतील तर एका ठोक्याला ०.५ सेकंद मिळतो, १५० असतील तर ०.४ सेकंद. हा जो ०.१ सेकंद कमी झाला तो मुख्यतः दोन आकुंचनांमधल्या विश्रांतीतून जातो. म्हणजे वेग घसरायच्या आत पुढचा ठोका येतो, डी मोठा दिसतो.

समजा एस ४५ आहे, सेंटिमीटर प्रति सेकंद. डी १५ असेल तर एस/डी ३ आणि आरआय (एस वजा डी, भागिले एस) ०.६७. तेच बाळ जरा चपळ झालं आणि डी १८ दिसला तर एस/डी २.५, आरआय ०.६०. वार तीच, बाळ तेच, आणि रिपोर्ट मात्र बराच चांगला दिसतोय. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत.)

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हालचालीने आकडा नेहमी वाढतो असं नाही, तो कमीही होऊ शकतो. तेव्हा ताईंच्या सासरचे म्हणतात तसं 'बाळ हालत होतं म्हणजे खरा आकडा कमीच असणार' हे अनुमान टिकत नाही. खरा आकडा ३.४ पेक्षा जास्तही असू शकतो.

सोनो_वर्धा

मास्तरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि हाच मुद्दा आमच्याकडेही सुटतो. एक भर: बाळाचे ठोके ११० ते १६० या नेहमीच्या मर्यादेत असतील तर गतीमुळे पडणारा फरक बहुधा निर्णय फिरवण्याइतका नसतो. ठोके एकदम उसळले किंवा मंदावले असतील त्या क्षणाचा आकडा मात्र घेऊ नये. रिपोर्टावर आकड्याशेजारी त्या वेळची हृदयगती लिहिलेली असावी, असा माझा आग्रह असतो.

मेंदूच्या रोहिणीची गोष्ट वेगळी. दिवस भरत आले की बाळाच्या शांत झोपेची आणि सक्रिय झोपेची चक्रं स्पष्ट होतात. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी ३७-३८ आठवड्यांच्या निरोगी बाळांत हे तपासलं. महाधमनीत आणि मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिडमध्ये सक्रिय झोपेत प्रतिरोध कमी आढळला. नाळेत मात्र झोपेच्या अवस्थेने फरक पडला नाही. पोषण कमी पडलेलं बाळसुद्धा मेंदूचा प्रतिरोध कमी करून तिकडे रक्त वळवतं. म्हणजे सक्रिय झोपेतलं निरोगी बाळ आणि मेंदू वाचवायला धडपडणारं बाळ, या दोघांचे आकडे एकाच दिशेने सरकतात. बाळ कोणत्या अवस्थेत होतं हे न पाहता नुसता आकडा वाचला तर घोळ होतो.

धारणीची_सिस्टर

मी मेळघाटात एएनएम (आरोग्यसेविका) आहे. आमच्याकडून अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात जायचं म्हणजे घाटातून काही तासांचा रस्ता. बाईने मजुरी बुडवलेली असते, सोबत सासू, कडेवर थोरलं लेकरू. तिथे 'बाळ शांत नाही, उद्या या' असं सांगितलं तर ती उद्या येत नाही. म्हणून आम्ही बायांना निघण्याआधीच काही गोष्टी सांगतो.

उपाशी जायचं नाही. सोनोग्राफी म्हटलं की उपाशीपोटी जायचं असं अनेकींच्या डोक्यात बसलंय. गरोदर बाई एवढा प्रवास करून उपाशी टेबलावर झोपली की चक्कर येते. पण सेंटरच्या दारात पोटभर जेवून लगेच आत जाणंही डॉपलरसाठी सोयीचं नाही, कारण आईने जेवल्यानंतर दोन-तीन तास बाळाच्या श्वासाच्या हालचाली वाढलेल्या असतात. घरून निघताना भाकर खाऊन निघा, तिथे पोचेपर्यंत वेळ होतोच. बाळ हालावं म्हणून आत जाताना गोड खाऊ घालतात तेही या तपासणीला नको.

टेबलावर उताणं झोपून गुदमरल्यासारखं झालं तर लगेच सांगायचं, डाव्या कुशीवर वळवून तपासता येतं. पोट कडक होत असेल, कळ येत असेल तर तेही सांगायचं. गर्भाशय आवळलेलं असताना आईच्या गर्भाशयाच्या रोहिणीचा प्रतिरोध वाढून दिसतो.

आणि फुफ्फुसांसाठीचं इंजेक्शन दिलं असेल तर तारीख-वेळ चिठ्ठीवर हवीच. याबद्दल सोनो सरांनी लिहावं.

सोनो_वर्धा

सिस्टर, तुम्ही हे काढलंत ते बरं झालं. वेळेआधी प्रसूतीचा धोका असेल तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. बीटामेथासोननंतर काही दिवस बाळाची हालचाल, श्वासाचा सराव आणि ठोक्यांमधला चढउतार कमी होतो, आणि नाळेचा प्रवाहही तात्पुरता सुधारलेला दिसू शकतो. कधी शून्यावर गेलेला डी परत दिसू लागतो. इंजेक्शनची नोंद नसेल तर बघणाऱ्याला वाटतं वार सावरली. ती सावरलेली नसते. तुमच्या चिठ्ठीवरची ती एक ओळ माझ्यासाठी फार मोलाची असते.

माहेर_पुसद

मला माझी बाजू लिहायची आहे, कारण धागा 'हालचालीमुळे आकडा बिघडतो' एवढ्यावरच थांबू नये असं वाटतं.

माझ्या गरोदरपणात बीपी वाढलं होतं. पहिल्या डॉपलरला आकडा वाढलेला आला, तेव्हा एका ठिकाणी सांगितलं गेलं की बाळ फार हालतंय, तसं येतं. घरच्यांना ते ऐकायला हवंच होतं. माझी आई मात्र अडून बसली की दुसरीकडे दाखवल्याशिवाय मी हिला घरी नेणार नाही. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला आधी कुशीवर पडून राहायला सांगितलं, मधे दुसऱ्या बाया तपासल्या, मग परत बोलावलं. बाळ शांत होतं, लाटा एकसारख्या होत्या, आणि प्रत्येक लाटेच्या शेवटी प्रवाह शून्य होता. मला घरी सोडलं नाही. इंजेक्शनं झाली, रोज तपासणी झाली, आणि दिवस भरायच्या बरेच आधी सिझर झालं. लेक नवजात शिशू कक्षात राहिली. आज ती अंगणवाडीत जाते.

शांत बाळाचं मोजमाप केल्यावर बातमी चांगलीच येते असं नाही. ती खरी येते. पैनगंगाकाठ ताई, वहिनीला न्या.

वऱ्हाडी_माय

पोरी, तुह्या मायच्या पाया पडतो. अशी माय सगळ्याइले भेटो.

पीएचसी_मेहकर

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. वरचं सगळं पटतं, पण वास्तवही मांडतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात आम्ही जोखमीच्या माता निवडतो. त्यांना डॉपलरसाठी पाठवायचं तर रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याला, नाहीतर खाजगीत. मशीन उचलून गावात आणता येत नाही, कारण १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याने मशीन नोंदणीच्या जागेशी बांधलेलं आहे, आणि मुली पोटातच मारल्या गेल्याचा आपला इतिहास पाहता ते बंधन मला मान्य आहे. अशा वेळी एका रुग्णामागे मिळणारी मिनिटं मोजकीच. बाळ झोपायची वाट कोण आणि किती वेळ पाहणार?

काही जण यावरून म्हणतात की मग डॉपलर हवंच कशाला. ते मला मान्य नाही. जोखमीच्या गरोदरपणात नाळेचं डॉपलर वापरल्याने जन्माच्या आसपासचे बाळमृत्यू कमी होतात हे कोक्रेनच्या (अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) पुनरावलोकनात दिसलं आहे, घट सुमारे २९ टक्क्यांची. कमी जोखमीच्या सगळ्याच बायांना सरसकट केल्याने मात्र असा फायदा दिसलेला नाही. म्हणजे रांग लहान करायची तर तिथून करता येईल: गरज नसलेल्या तपासण्या कमी, आणि गरज असलेल्या बाईला पुरेसा वेळ.

सोनो_वर्धा

डॉक्टर, वाट पाहण्यासाठी टेबल अडवून ठेवावं लागत नाही. मी असं करतो: बाळ हालत असेल तेव्हा डोकं, पोट, मांडीचं हाड, पाणी ही मापं आधी घेऊन टाकतो. ती थोड्या हालचालीत निघतात. डॉपलर सगळ्यात शेवटी. तोपर्यंत बाळ शांत झालं नाही तर बाईला बाहेर बाकावर कुशीवर पडायला सांगतो आणि पुढची आत घेतो. बाळाची झोप-जागेची चक्रं बहुतेक २० ते ४० मिनिटांची असतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जमतं. श्वासाच्या हालचाली तर मधेमधे आपोआप थांबतात. पडद्यावर बाळाच्या पोटाकडे बघत नुसतं थांबलं तरी पुष्कळदा काम होतं.

आणि एवढं करूनही जमलं नाही तर रिपोर्टावर स्पष्ट लिहावं की बाळ सक्रिय असताना मोजलं, लाटा असमान, आकडा भरवशाचा नाही. त्या माऊलीच्या हातात आकडा देऊन खुलासा तोंडी करणं मला योग्य वाटत नाही. पुढच्या डॉक्टरांपर्यंत कागदच पोचतो.

बाळ शांत असतानाही मशीनचं एक पथ्य आहे. मंद प्रवाह गाळून टाकणारा वॉल फिल्टर जास्त ठेवला तर असलेला डी पुसला जातो आणि शून्य दिसतो. नाळ कुठे धरली यानेही फरक पडतो: बाळाच्या पोटाजवळ प्रतिरोध जास्त, वारेजवळ कमी. म्हणून पुन्हा तपासताना मोकळ्या तरंगत्या नाळेवरच, त्याच पद्धतीने मोजावं.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला यवतमाळला नेऊन आणलं. जुन्या रिपोर्टातल्या लाटा खालीवर होत्या हे तिथल्या मॅडमनीही दाखवलं. बाळ शांत झाल्यावर मोजलं तर एस/डी २.९, हृदयगती १३८ अशी नोंद, मेंदूच्या रोहिणीचा प्रवाह ठीक. पण बाळ लहान आहे हे खरंच निघालं. त्यामुळे ना सिझर, ना सोडून देणं. आठवड्याने पुन्हा डॉपलर, दोन आठवड्यांनी वजनाचं माप, आणि रोज हालचालीकडे लक्ष. सासऱ्यांनी स्वतः गाडी सांगून ठेवलीये पुढच्या वेळेसाठी.

संत्राबाग_वरुड

धागा वाचून एक विचारतो. बायकोचा रक्तगट निगेटिव्ह आहे, अँटिबॉडी आल्यात. बाळाला रक्त कमी आहे का ते मेंदूच्या रोहिणीच्या वेगावरून बघतात म्हणे. तिथेही हालचालीचा असाच परिणाम होतो काय?

सोनो_वर्धा

होतो, आणि तिथे जास्त जपावं लागतं. ही तपासणी गुणोत्तराची नाही, थेट वेगाची आहे. रक्त पातळ झालं की मेंदूच्या मधल्या रोहिणीत ते जोरात धावतं. त्या आठवड्याच्या मध्यकाच्या १.५ पटीपेक्षा वेग जास्त आला तर बाळाला रक्तक्षयाची दाट शंका घेतात. थेट वेग असल्यामुळे कोन शून्याच्या जवळ हवा. ३० अंशांचा कोन झाला आणि दुरुस्ती केली नाही तर वेग सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसतो, म्हणजे आजारी बाळ ठीक वाटू शकतं. उलट बाळ उसळ्या मारत असताना, ठोके वाढलेले असताना मोजलं तर निरोगी बाळाचाही वेग जास्त भरतो. ३५ आठवड्यांनंतर असे फसवे वाढीव आकडे अधिक येतात. पोटावर फिरवायच्या प्रोबने बाळाच्या डोक्यावर दाब पडणार नाही हेही बघावं लागतं.

दादा, तुम्ही मागचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्या. बाळ शांत असताना घेतलेल्या वेगांचा चढ कसा आहे ते एका आकड्यापेक्षा जास्त सांगतं. आणि अशा बाळाला पोटातच रक्त चढवायची वेळ आली तर ती सोय मोजक्याच ठिकाणी असते, म्हणून नागपूरच्या मोठ्या केंद्रात आत्तापासून नाव घालून ठेवा. आठवडा कोणता चालू आहे आणि अँटिबॉडीचा टायटर (रक्तातलं प्रमाण) किती आहे, तेवढं लिहा.